सूर्यतोफेचे तीन घाव

"अख्खा सूर्य ओकणाऱ्या तोफेचे घाव तीन, आणि सुईएवढ्या किरणाचे नऊ? असं कसं रे दादा?"

येसबाने हे विचारलं तेव्हा त्याचा थोरला भाऊ हैबती तापाने फणफणला होता. तो नुसता हसला. उत्तर राहून गेलं, आणि हैबतीही गेला.

आता तोच प्रश्न राजा रणधवल भर अंगणात विचारत होता!

हैबतीने राजासाठी खेळाचा कापडी पट रंगवला होता. ताऱ्याताऱ्यांतून उडणाऱ्या जहाजांची लढाई! प्रत्येक हत्याराखाली दोन आकडे : तेज किती आणि घाव किती. येसबाने तो आणून दिला, तसे राजा-राणी लगेच खेळायला बसले. राजाने हजार तेजाची सूर्यतोफ राणीच्या एका जहाजावर झाडली. घाव तीन! राणीने दहा तेजाचा सुईकिरण सोडला. घाव नऊ! राजाच्या जहाजाची राख.

"आकडे खोटे आहेत! जाळा हा पट!" राजा गरजला.

"माझा दादा खोटं लिहीत नव्हता!" येसबाच्या तोंडून निघून गेलं.

"असं? मग दाखव करून! खेळात सूर्य आहे ना? मलाही खराच सूर्य पाहिजे. मोठं तेज कमी घाव करतं आणि लहान तेज जास्त, हे माझी गुडगुडी विझायच्या आत दाखव. नाहीतर पट चुलीत!"

येसबाचे डोळे भरून आले. दादाच्या हातचं एवढंच उरलं होतं. तो चरफडत मागे सरला, तो थेट बाजेवरच्या पापडांवर बसला!

"अरे मेल्या!" स्वयंपाकीण गोदाक्का धावली. "सकाळपासून उन्हात घातलेत ते!"

"सकाळपासून? आणि एकही भाजला नाही?"

"उन्हात पापड वाळतो रे. भाजतो का कधी!"

येसबा ताडकन उठला. एक पापड उचलून राजापुढे गेला.

"महाराज, सूर्य मोठा की तुमच्या गुडगुडीतला निखारा?"

"हे काय विचारणं? सूर्य!"

येसबाने चिमट्याने पापड निखाऱ्यावर धरला. चर्र! बघता बघता पापड फुलला.

"सूर्याला सकाळपासून जमलं नाही, ते निखाऱ्याने चुटकीत केलं! एकूण किती निघालं, ते झालं तेज, महाराज. एकाच्या वाट्याला किती आलं आणि किती झटक्यात आलं, तो घाव! सूर्य अंगणाला, डोंगराला, गोदाक्काच्या टाळूला, सगळ्यांना वाटत बसतो. निखारा सगळं एकालाच देतो."

"मग एवढी मोठी तोफ ठेवलीच कशाला तुझ्या दादाने?"

"तुम्ही ती किती जहाजांवर झाडलीत?"

"एका."

"तिथंच चुकलं! गोदाक्का उन्हात एकच पापड घालते का? बाजभर घालते! ही तोफ सगळ्या आरमारावर झाडायची. एका दमात, प्रत्येकाला तीन-तीन घाव!"

राणी गालात हसली. "मी जहाजं अगदी खेटून उभी केली होती. म्हटलं, बघू यांना कधी सुचतंय!"

राजा असा खदखदून हसला की गुडगुडी कलंडली. "बायकोने हरवलं, पापडाने शिकवलं!" असं म्हणत त्याने तो पापड कुरूम कुरूम खाऊन टाकला. हातातलं चांदीचं कडं काढून येसबाच्या मनगटात घातलं. "यापुढे राजघराण्याचे सगळे पट तू रंगवायचेस! आणखी काय हवं?"

"थोडं केशर. पट पोचला की शेवटचा तारा तिथंच बसून रंगवायचा, ही आमची रीत. दादाने एक कोरा ठेवलाय."

राणीने स्वतः केशर खललं. येसबाने बाहीने डोळे पुसले, मांडी घातली आणि दादाचा तारा काठोकाठ भरला.