तांब्याचं आकाश आणि काळं कापड

"मास्तर, फोटो चांगला आहे की नाही, तेवढं सांगा."

अंबादास चिप्पा असंच म्हणाला. शपथेवर सांगतो, या गोष्टीतला शब्दन्‌शब्द खरा आहे. मी शेजारच्या स्टुलावर बसलो होतो. आता, मास्तरांच्या स्टुडिओत स्टूल नव्हतं, हे तुम्हाला कोणीतरी सांगेलच. तर मी उभा होतो म्हणा. किंवा सोलापुरातच नव्हतो म्हणा. शब्द खरे आहेत.

नरसय्या मास्तरांनी फोटो हातात घेतला. पन्नास वर्षं त्यांनी लोकांचे फोटो काढले. लग्नातले, बारशातले, आणि तिरडीजवळचेसुद्धा. अंबादासला कॅमेरा धरायला त्यांनीच शिकवलं होतं.

फोटोत नुसतं आकाश होतं. तांब्याच्या रंगाचं. ढग असे लोंबत होते, की जणू कोणीतरी शेकडो घागरी पालथ्या टांगल्यात. त्या दुपारी गल्लीतल्या बायका चिंच घेऊन गच्चीवर गेल्या होत्या, आकाश घासायला.

"सगळ्या गावानं मोबाइलवर काढलं हो," अंबादास म्हणाला. "पण असं कोणाला नाही जमलं. उद्या प्रदर्शनात लागतोय."

"हं."

"हं काय मास्तर?"

"खाली काय होतं बे?"

"कुठं खाली?"

"आकाशाच्या."



"गल्ली होती," अंबादास म्हणाला. "कापडाचे माग बंद होते त्या दिवशी. सगळ्यांनी बंद ठेवले होते."

"का?"

"तुम्हाला ठाऊक आहे."

"तू सांग."

"नागमणीअक्काला नेत होते."

ही त्याची थोरली बहीण. विड्या वळून वळून तिनं याला वाढवलं. आईबाप दोन्ही तीच.

"खांदा दिलास?"

"दिला. मग चौकात खांदा बदलला, आणि कॅमेरा काढला… असं आकाश परत नसतं मिळालं, मास्तर."

"मग मिळालं की."

"मिळालं." अंबादासनं फोटो उलटा करून टेबलावर ठेवला. "पण डोळे मिटले की हेच दिसतं. तीन आठवडे झाले. अक्काचा चेहराच येत नाही. आठवत बसतो, आठवत बसतो… आणि हे ढग येतात. तुम्ही एकदा म्हणा, फोटो चांगला आहे. मग निदान…"

"निदान काय?"



मास्तर उठले. कोपऱ्यात त्यांचा जुना कॅमेरा होता, तीन पायांचा, लाकडी. फोटो काढणाऱ्यानं मागून काळं कापड डोक्यावर घ्यायचं आणि काचेत बघायचं, तसला. म्हाताऱ्यानं तो ओढत दारापाशी आणला आणि तोंड गल्लीकडं केलं.

"घुस."

"मास्तर, याची काचेची प्लेट आता कुठं मिळते?"

"लई शहाणा झालास. घुस म्हणतो ना."

अंबादास कापडाखाली गेला.

"काय दिसतं?"

"गल्ली. उलटी."

"याच्यात उलटंच दिसतं. आकाश कुठंय?"

"खाली. पार तळाला."

"आणि माणसं?"

"वर…"

मग कापड हललं.

"मास्तर…" आतून आवाज आला. "तिच्या हनुवटीवर गोंदण होतं. तीन ठिपके. एक पुसट झालेला."

मास्तरांनी कापडाची कड खाली ओढली आणि अंबादासचा कोपर झाकला.

तेवढ्यात पासपोर्ट फोटोसाठी एक बाई आल्या.

"थांबावं लागेल," मास्तर म्हणाले. "फोटो चाललाय."

बाईंनी दारातून गल्लीत बघितलं. फोटोसाठी कोणी उभं नव्हतं.

"कोणाचा?"

"त्याच्या बहिणीचा."

बाई पायरीवर बसल्या. पाऊण तासानं अंबादास बाहेर आला.

आता कबूल करतो. पाऊण तास हे मी रचलं. चिंचेच्या बायकाही माझ्याच. तो आत किती वेळ होता, कोणी घड्याळात बघितलं नाही. त्या बाईंनीही नाही, आणि त्यांना तर बँकेत जायचं होतं. पुढचं मात्र त्याच बाईंनी मला सांगितलंय.

अंबादासनं कापडाची घडी केली आणि मास्तरांपुढं धरली. मास्तरांनी ती घेतली नाही. त्यांनी त्याच्या गळ्यातला कॅमेरा काढून टेबलावर ठेवला.

"हा राहू दे इथं. कापड ने घरी."

"परत कधी येऊ, मास्तर?"

मास्तरांनी ओल्या घडीवरून हात फिरवला.

"वाळलं की ये."