भैरूच्या हातातला तुकडा

“माझा खेळ सुधारला, तर मग टीमचे गोल कमी कसे झाले, वस्ताद?”

हिंदुराव वस्तादांनी आधी चपला काढल्या. त्या भिंतीलगत जोडीनं लावल्या. मग बाहेरच्या सोप्यातल्या सतरंजीवर मांडी घालून बसले.

“पाणी आण.”

इंदरनं पाणी आणलं. अर्धं तांब्यात, अर्धं वाटेत.

इंदर म्हणजे इंद्रजित, माझा धाकटा दीर. कॉलेजच्या फुटबॉल टीमचा कॅप्टन. तो मधे खेळतो. पुढं जाणारा प्रत्येक बॉल त्याच्या पायातून जातो, आणि कुणाकडं जायचा ते तोच ठरवतो. लग्न होऊन कोल्हापुरात आले तेव्हा सासूबाईंनी मला आधी हे सांगितलं. कुलदैवत कुठलं, ते दुसऱ्या दिवशी.

“गेल्या साली फायनलपर्यंत चौदा गोल झाल्ते,” इंदर म्हणाला. “यंदा पाच. आणि गेल्या साली मला डाव्या पायानं धड पास देता येत नव्हता. यंदा अर्ध्या ग्राउंडावरनं म्हणाल तिथं बॉल ठेवतो. रुपाया टाका, रुपायावर ठेवतो!”

“मग?”

“मग काय? पोरं पोचतच न्हाईत. भैरू पुतळ्यागत उभा असतोय. नियाज आधीच पळून गेलेला असतोय. मी एकट्यानं काय काय करायचं?”

वस्तादांनी वरून घोट घेतला. तांब्या खाली ठेवला...

“वास चांगला सुटलाय,” ते म्हणाले.

इंदरचा जीव टांगणीला लागला होता. शुक्रवारी फायनल होती. कॉलेजचे खेळाचे शिक्षक घाटगे सर त्याला म्हणाले होते, की शुक्रवारी मधे दुसरा पोरगा घालतो, तू बाकावर बस. फक्त शेवटचा शब्द वस्तादांचा. इंदरला दहाव्या वर्षी तालमीत बॉल त्यांनीच दिला होता; इथं तालमीत कुस्तीसारखा फुटबॉलही शिकवतात. घाटगे सरांनाही त्यांनीच दिला होता, पंचवीस वर्षांपूर्वी.

तेव्हापासून दोन दिवस इंदर घरात कुणाशी बोलला नव्हता. माझ्याशी तो त्याआधीही “वहिनी, चहा” एवढंच बोलायचा. म्हणजे मला फरक कळायला जरा वेळ लागला.

फायनलच्या आधी सगळी टीम कॅप्टनच्या घरी जेवते, ही वस्तादांच्या तालमीतून आलेली रीत. बुधवार होता. इंदर सोडून सोळा पोरं, सर आणि वस्ताद. सासूबाई तांबड्या-पांढऱ्या रश्श्याशी, आणि मी भाकऱ्यांशी. माझं माहेर रत्नागिरीकडचं, भाताचं. भाकरी मी इथं येऊन शिकले. चार महिन्यांत एक गोष्ट मात्र पक्की कळली होती. ज्याला भाकरी थापावी लागते, तो ती कुणाच्या पोटात गेली हे बघतोच.

साठ झाल्या होत्या.

दोन ओळी बसल्या. इंदर वस्तादांच्या शेजारी मांडी घालायला वाकला.

“तू न्हाई,” वस्ताद म्हणाले. “तू वाढ.”

“मी?”

“बादली उचल.”

“अवो, मी कॅप्टन हाय...”

“म्हणूनच.”

पोरांनी शिट्ट्या मारल्या. दिग्विजय नावाचा गोलकीपर, दारात मावत नाही एवढा, तो ओरडला, “ए वाढपी! इकडं लक्ष दे मर्दा!”

इंदरनं बादली उचलली. आणि एकदा उचलल्यावर मग त्याच्यातला खेळाडू जागा झाला. ओगराळं वरून धरायचा, वाटीत बारीक धार सोडायचा, थेंब बाहेर नाही. उजवीकडं बघत डावीकडच्याला वाढायचा. भाकरी तर त्यानं लांबूनच भिरकावली, ती बरोब्बर ताटात पडली. पोरं टाळ्या वाजवत होती.

मीही स्वयंपाकघराच्या दारातून बघत होते. खरंच देखणं वाढत होता.

वस्ताद जेवत होते. बघत नव्हते, असं वाटत होतं.

“मी जेवून घेतो गं, गोळी घ्यायची हाय,” असं म्हणून सासूबाई आत वळल्या. इथल्या बायका जेवते म्हणत नाहीत, जेवतो म्हणतात. सासूबाईंना साखर आहे, वेळ चुकवून चालत नाही.

पंगत उठायला आली तसे वस्ताद म्हणाले, “इंदर, बादली ठेव. तोंड भिंतीकडं कर.”

“काय?”

“भिंतीकडं.”

इंदर वळला. भिंतीवर त्याचाच फोटो होता, कप हातात घेतलेला. दोघं एकमेकांकडं बघत उभे राहिले.

“दिग्यानं किती भाकऱ्या खाल्ल्या?”

“दिग्यानं...? लई खाल्ल्या असतील.”

पोरं हसली.

“नियाजनं?”

“...मोजल्या न्हाईत, वस्ताद.”

“भैरूनं?”

इंदरनं डोकं खाजवलं.

“वाढलं कुणी?”

“मी.”

“मग?”

“वस्ताद, मी वाढताना माझं लक्ष...” तो थांबला. लक्ष कुठं होतं, ते त्यालाच ठाऊक.

वस्तादांनी मान स्वयंपाकघराकडं वळवली. मी पटकन आत सरकले, पण जरा उशीरच झाला.

“सूनबाई, तुम्ही सांगा.”

सोप्यात अठरा पुरुष आणि भिंतीकडं तोंड केलेला एक दीर. पोरं याआधी एक-दोनदा जेवून गेली होती, पण मला त्यातल्या निम्म्यांची नावंही ठाऊक नव्हती.

“ते मोठे आहेत, त्यांनी पाच,” मी म्हणाले. “ते नको-नको म्हणतात, पण म्हणताना वाटी पुढं सरकवतात.”

पोरांत खसखस पिकली. दिग्विजय लाजला. एवढा मोठा माणूस लाजलेला मी पहिल्यांदाच पाहिला.

“आणि नियाज?”

नियाज कुठला, ते शेजारच्यानं कोपरानं दाखवलं.

“त्यांनी तीन. ते भरभर जेवतात. ताट रिकामं व्हायच्या आत वाढलं तर घेतात. रिकामं झालं की उठतात. मग कितीही आग्रह करा.”

“भैरू?”

भैरू गावडे चंदगडकडचा, हॉस्टेलवर राहणारा. ओळीच्या टोकाला बसला होता. सगळ्यांत पुढं खेळतो म्हणे, गोल मारायचं काम त्याचं. कुणीतरी बोट दाखवलं; मला त्याचं नाव ठाऊक नव्हतं, पण ताट ठाऊक होतं.

“त्यांनी दोन,” मी म्हणाले. “पण पोट भरलेलं नाही.”

“वहिनी, मी त्याला विचारल्तं!” इंदर भिंतीला म्हणाला. “बास म्हणला तो.”

“हो. ते बासच म्हणतात.” माझा आवाज जरा खाली गेला. “पण शेवटचा तुकडा खात नाहीत. हातात धरून बसतात. कुणी बघतंय का, म्हणून. कुणी बघितलं नाही की मग खातात आणि उठतात.”

सगळ्यांनी भैरूकडं पाहिलं.

तुकडा हातातच होता.

...

घाटगे सरांनी घसा साफ केला. “वस्ताद, शुक्रवारचं काय करायचं?”

“भात हुंदे,” वस्ताद म्हणाले.

इंदर भिंतीकडून वळला. कान लाल झाले होते. मला वाटलं, आता बादली आपटतो आणि बाहेर जातो. माझ्यावरही चिडला असणार.

त्यानं भाताची पातेली उचलली. भाकरीची टोपली काखेत घेतली. ओळीच्या टोकाला गेला आणि भैरूसमोर उकिडवा बसला. काही विचारलं नाही. भाकरी ठेवली. बसून राहिला. मग आणखी एक ठेवली. या वेळी धार नाही, भिरकावणं नाही. कुणी टाळ्याही वाजवल्या नाहीत.

रस्सा वाढताना तर भैरूच्या पायावरच सांडला.

वस्तादांनी हात धुतला. टॉवेलला पुसत सरांना म्हणाले, “खेळू दे त्याला.”

आणि चपला घालून निघून गेले.

सगळं आवरायला तीन वाजले. टोपलीच्या तळाला कडेनं करपलेली एक भाकरी राहिली होती. ती माझी. ओट्याशी उभ्यानंच खाल्ली.

शुक्रवारी ह्यांनी मला ग्राउंडवर नेलं. फुटबॉल मी कधी बघितला नव्हता. ह्यांनी ऑफसाइड समजावून सांगायला सुरुवात केली, ती मी मान हलवत ऐकली. मला बघायचं होतं ते वेगळंच.

पहिली वीस मिनिटं काही झालं नाही. समोरच्यांनी एक गोल मारला. आमच्या मागं बसलेले एक काका म्हणाले, “सरनोबताचं पोरगं आज बॉल पायात ठेवतच न्हाई. घाबरलंय.”

सरनोबताचं पोरगं म्हणजे आमचाच इंदर.

खरं होतं. बॉल आला की तो लगेच सोडत होता. साधे, आखूड पास. डाव्या पायाचं ते नवं कसब एकदाही दिसलं नाही. पण बॉल यायच्या आधी त्याची मान फिरत होती. एकदा डावीकडं, एकदा उजवीकडं. पंगतीत फिरवावी तशी.

नियाज पळायच्या तयारीत होता. अजून पळाला नव्हता. तेवढ्यातच इंदरनं बॉल सोडला. रिकाम्या जागेत.

“कुणाला देतंय हे?” काका ओरडले.

नियाज पोचला. गोल.

काका बसले.

दुसऱ्या हाफमध्ये मी भैरूकडंच बघत होते. तो दोन माणसांच्या आड उभा होता. हात वर केला नाही, हाक मारली नाही. फक्त एक टाच उचललेली. पळावं की नाही... कुणी बघतंय का...

“तुकडा हातात आहे,” मी म्हणाले.

“काय?” हे म्हणाले.

इंदरनं पाहिलं होतं. पास काही देखणा नव्हता, दोन टप्पे घेत, लंगडत गेला. पण भैरूच्या पायाशी गेला.

गोल. मग अजून एक, तोही भैरूचाच. मग दिग्विजयनं हातानं लांब फेकलेल्या बॉलवरून चौथा. चार-एक.

पोरांनी भैरूला खांद्यावर घेतलं. त्याला कुठं बघावं ते कळत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो आला, तोही भैरूचा. खाली बातमीत एक ओळ होती, कर्णधाराचा खेळ आज काहीसा झाकोळलेला वाटला. सासूबाईंनी ती ओळ दोनदा वाचून दाखवली आणि पेपरवाल्याच्या घराण्याचा उद्धार केला. इंदर नुसता हसला. गेल्या साली त्यानं असल्या ओळीवरून दोन दिवस जेवण सोडलं होतं म्हणे.

रविवारी दुपारी पुन्हा पंगत. जिंकल्याची. या वेळी मी सत्तर थापल्या.

वस्तादांनी चपला काढायच्या आधीच बादली इंदरच्या हातात होती. नियाजचं ताट रिकामं होऊ दिलं नाही. दिग्विजयच्या नको-नकोकडं लक्ष दिलं नाही, वाटीकडं दिलं. भैरूजवळ तर तीनदा जाऊन बसला. तिसऱ्या वेळी भैरू स्वतःहून म्हणाला, “वाईच तांबडा दे की.” त्याचा एवढा मोठा आवाज टीमनं पहिल्यांदाच ऐकला असावा. सगळे ओरडले.

सासूबाई गोळी घेऊन आत पडल्या होत्या. मी तव्याशी होते. शेवटच्या भाकऱ्या चालल्या होत्या आणि टोपली आणली तशी रिकामी होत होती.

पंगत उठायला आली तसा इंदर वस्तादांसमोर जाऊन उभा राहिला. घामानं निथळत होता, शर्टावर तांबडा सांडलेला. कुणी न सांगता तो वळला आणि भिंतीकडं तोंड करून उभा राहिला.

“विचारा, वस्ताद.”

वस्ताद हात चाटत होते.

“दिग्या सहा,” इंदरनंच सुरुवात केली. “नियाज चार, त्यातली शेवटची मी जबरदस्तीनं वाढली. भैरू सात. सर अडीच, त्यांना भात पायजे होता. तुम्ही दोन, वस्ताद, आणि पांढरा तीनदा.”

“माझंबी मोजलंस?”

“सगळ्यांचं मोजलं.”

“सगळ्यांचं?”

“एकूण एक! कुणाचंबी विचारा.” त्याची छाती जरा पुढं आली होती. भिंतीवरच्या फोटोतल्यासारखी.

वस्तादांनी स्वयंपाकघराच्या दाराकडं पाहिलं. मी तव्यावरची भाकरी उलटली. खरं तर उलटायची वेळ झाली नव्हती...

“सूनबाईनं किती खाल्ल्या रं?”