वजनपत्रकातले तीन टन

"मग ते तीन टन जातात कुठे, उस्ताद?"

"कुठेच नाही. टाकीत घेतच नाही."

"सहा महिन्यांची पत्रकं पाहिली मी. प्रत्येक उड्डाणाला तीन टन इंधन कमी."

"बरोबर पाहिलीत."

सरंजामे त्या विमानाचे नवे कॅप्टन. लढाऊ विमानांना हवेतल्या हवेत इंधन पाजणारं विमान. वजनाचा हिशेब मांडणारे मुजावर तळावर सगळ्यांचेच उस्ताद होते. सरंजामेही हा हिशेब त्यांच्याकडेच शिकले होते.

पत्रक सहीसाठी समोर होतं. ऊन बेचाळीस अंशांवर.

"टाकीत एकशे दहा टन मावतात," सरंजामे म्हणाले. "या उन्हात, या धावपट्टीवरून, एकूण वजन एकशे अठ्ठ्याहत्तर टनांच्या वर गेलं तर उडायचं नाही. रिकामं विमान अठ्ठ्याहत्तर. राहिले शंभर. तुम्ही लिहिलेत सत्त्याण्णव."

"हो."

"समुद्रावर दोन लढाऊ वैमानिक माझी वाट पाहणार आहेत. तीन टन म्हणजे त्यातल्या एकाचं घरी परतणं. आणि ते तीन टन बाहेर कुणाच्या ट्रकमध्ये जात असतील, तर..."

वाक्य त्यांनी तसंच सोडलं.

मुजावरांना राग आला नाही. निदान दिसला नाही.

"तुमचं वजन किती, साहेब?"

"बहात्तर. का?"

"कुठे लिहिलंय?"

"वैद्यकीय पुस्तकात."

मुजावरांनी बोट दाखवलं. कोठाराच्या दाराशी टायर तोलायचा काटा होता.

सरंजामे चढले. एकोणऐंशी.

"बूट आहेत पायात."

"काढा."

अठ्ठ्याहत्तर.

"काटा खोटा आहे तुमचा."

"असेल." मुजावरांनी आतून वीस किलोचं शिक्क्याचं वजन आणलं, काट्यावर ठेवलं आणि बाजूला झाले.

वीस. ना कमी, ना जास्त.

सरंजामे मोज्यांवरच उभे होते. फरशी तापलेली. तरी हलले नाहीत. मग त्यांची नजर विमानाकडे गेली. दारापाशी पत्र्याची पाटी होती: रिकामं वजन अठ्ठ्याहत्तर टन.

"हे शेवटचं कधी तोललं?"

"अकरा वर्षं झाली."

"त्यानंतर?"

"दोनदा रंग चढला. एकोणीस ठिगळं बसली. नवी यंत्रं आली. जुन्यांच्या तारा कुणी काढल्या नाहीत."

"आणि पाटी?"

"पाटी तीच."

"तुम्ही वर कळवलं नाहीत?"

"सात अर्ज केले. विमान तोला म्हणून."

"उत्तर?"

"एकाला आलं. वजन पाटीवर नमूद आहे, कृपया पाहावे."

सरंजामे हसले नाहीत.

"पण तीनच कशावरून? दोन असतील. पाच असतील."

"ठाऊक नाही."

"ठाऊक नसताना आकडा लिहिता?"

"ठाऊक असतं तर पाटी खरी निघाल्यावर शंभरच लिहिले असते... फारच खोटी निघाल्यावर विमान उडू दिलं नसतं. तीन हा अंदाज."

इंधनाची गाडी पाइप लावून तयार होती.

सरंजाम्यांनी बूट चढवले. वायरलेसवर निरोप दिला: समुद्रावरच्या दोघांना सांगा, ठरल्यापेक्षा वीस मिनिटं आधी परता. पलीकडून कुणीतरी कारण विचारलं. त्यांनी वायरलेस बंद केला.

मग सत्त्याण्णवच्या खाली सही केली. सहीखाली आणखी एक ओळ लिहिली: आजच्यानंतर तोलल्याशिवाय हे विमान मी उडवणार नाही.

त्या ओळीने आपल्या बढतीचं काय होईल, ते त्यांना कळत होतं.

पत्रक परत देताना त्यांची मान खाली होती.

"उस्ताद, मी तुम्हाला चोर समजलो. माफ करा."

मुजावरांनी पत्रकाची घडी घातली.

"माफी कशाला, साहेब? तुमच्याआधी नऊ कॅप्टन काही न विचारता सही करून गेले... त्या सगळ्यांचा माझ्यावर विश्वास होता."