तानीला मारलेली हाक

"मग ससा पळायचा कुठं?" बुवांनी विचारलं.

"आवाजापासून लांब," हौसा म्हणाली. "म्हणजे नेमका जाळ्यात."

सांगता सांगता तिला हसू आलं. टेकडीवरच्या म्हाताऱ्या बुवांपुढं ती आली होती रडत, आणि माहेरची शिकार आठवून पुन्हा पोर होऊन बसली होती. ज्वारी काढून होत आली की शेवटी मधला एक पट्टा उभा राहायचा. सगळे ससे त्यात दडायचे. बांधाच्या अंगाला बा आणि चुलते जाळं लावून बसायचे, आणि समोरून बायकापोरं पत्र्याचे डबे बडवत यायची. बानं हात वर करेपर्यंत कुणी ओरडायचं थांबायचं नाही, असा नेमच होता.

"माझा आवाज सगळ्यात मोठा. बा म्हणायचा, हौसी असल्यावर कुत्रं कशाला पाळायचं!"

बुवा हसले नाहीत.

"आल्या आल्या जिचं नाव घेतलंस, ती तानी कोण?"

हौसाचं हसू गेलं.

"धाकटी बहीण. चार वर्सांची... त्या पट्ट्यात झोपली होती. कुणालाच ठाऊक नाही. डब्यांनी दचकून उठली आणि पळत सुटली. बांधापलीकडं विहीर. बिनकठड्याची."

"तू काय केलंस?"

"हाक मारली. सारा जीव गोळा करून. ताने, थांब! ताने!"

"थांबली?"

"...आणखी जोरात पळाली."

हौसानं मांडीवरच्या लेकीला घट्ट धरलं. मैनालाही यंदा चौथं लागलं होतं. घरी तिला लुगड्याच्या पट्टीनं खांबाला बांधून हौसा कामं उरकायची. पण उद्यापासून सासरची ज्वारी निघायची होती. घरी थांबायला कुणी नव्हतं. पोरीला रानात न्यावंच लागणार होतं, आणि त्या रानातही विहीर होती.

"बुवा, माझ्याइतकं लेकराला कुणी जपत नसेल. दिवसभर हाका मारून मारून घसा बसतो. तरी ही पळतेच. हाक मारावी तशी जास्तच पळते. अंगारा द्या, दोरा द्या, कायपण द्या..."

हात जोडायला म्हणून तिनं मिठी सोडली, आणि तेवढ्यात मैना निसटली.

समोर खडकात कोरलेलं पाण्याचं टाकं होतं. पुरुषभर खोल, काठाला शेवाळ. पोर थेट काठावर जाऊन उभी राहिली. एक पाय उचललेला...

हौसानं छाती भरून श्वास घेतला.

आणि बुवांचा राखेनं माखलेला तळवा तिच्या तोंडावर बसला.

तिनं तो ओरबाडला. हात हलला नाही. ती कडकडून चावली. तरी हलला नाही. उठायला गेली, तर त्याच हातानं तिला जागीच दाबून धरलं.

एक खडा सुटून पाण्यात पडला. डुबुक.

मैना वाकली...

कुणी हाक मारली नाही.

मैना तशीच थांबली. मग तिनं पाय मागं घेतला. वळून बघितलं. आईचं तोंड झाकलेलं, डोळे फाटलेले. बोट तोंडात घालून ती एकेक पाऊल टाकत जवळ आली.

"आई, आज वरडली न्हाईस?"

तेव्हा कुठं बुवांनी हात काढला. हौसानं लेकीला पदराखाली ओढलं. बुवांच्या तळव्यावर तिचे दात उमटले होते, रक्त आलं होतं.

"पडली असती म्हणजे?" ती संतापानं म्हणाली. "तुम्हाला भ्या नाही वाटलं? दगडाचं काळीज तुमचं!"

बुवा धोतराच्या सोग्यानं रक्त टिपत राहिले.

"वाटलं की, पोरी... एक हात तुझ्या तोंडावर होता. दुसरा माझ्या तोंडावर होता."