झिंगुबाईची झोप

फार वर्षांपूर्वी, वैनगंगेच्या काठच्या मोहटोल्याला नुसती पायवाट होती तेव्हाची ही गोष्ट. त्या गावात झिंगुबाई नावाची हाडं बसवणारी बाई राहायची. सात गावांतून लोक तिच्याकडे येत. तिने नुसता हात फिरवला की कातडीखालचं मोडकं हाड तिच्याशी बोलायचं, असं म्हणतात.

पण झिंगुबाई दमली होती. मोहाची फुलं पडायला लागली की गावोगाव दारूच्या भट्ट्या पेटत आणि पाठोपाठ तिच्या अंगणात बायका येत. कुणाचं मनगट, कुणाची बरगडी. सगळ्यांचं सांगणं एकच, "पाय घसरला." झिंगुबाई बांबूच्या कामट्या लावून बांधायची, काही विचारायची नाही. काय विचारणार? तिचा पोटचा पैकूही त्याच वाटेला लागलेला.

पैकू गुणी होता हो. पण आधी त्याचे हात कापायला लागले. सकाळी घोट घेतल्याशिवाय पाण्याचा गडवा उचलेना. मग पोटात अन्न ठरेना. डोळे हळदीसारखे पिवळे झाले, पोट नगाऱ्यासारखं फुगलं. संध्याकाळी काय केलं ते सकाळी आठवायचं नाही, आणि बायकोचं सुजलेलं तोंड बघून तोच रडायचा. त्याच्या काळजीने झिंगुबाईने बारा वर्षं डोळ्याला डोळा लावला नाही, असं म्हणतात.

एका दुपारी पैकू आपल्या बायकोला, रामकोरला, घेऊन अंगणात आला. तिचा हात कोपराखाली लोंबत होता.

"पडली, माय."

झिंगुबाईने सुनेकडे पाहिलं. म्हातारीला ओरडायचंही बळ उरलं नव्हतं. ती एवढंच म्हणाली, "मी थकले रे बापा. हिचा हात तू धर."

पैकूने धरला. झिंगुबाईने हाड ओढलं, आणि ती कळ रामकोरच्या अंगात गेलीच नाही. ती पैकूच्या हातात शिरली. तो असा ओरडला की नदीवरचे सगळे बगळे उडाले आणि तीन दिवस फिरकले नाहीत, असं म्हणतात.

"मले असंच दुखते," रामकोर म्हणाली. "दर वेळी."

त्यानंतर पैकू प्यायला नाही. सात दिवस त्याचं अंग थडथडलं, भिंतीवर नसलेल्या मुंग्या दिसल्या. पण आतून सारं जळून गेलं होतं. आषाढ लागता लागता तो गेला. झिंगुबाई रडली नाही. म्हणायची, "चार महिने लेक होता माह्याजवळ. तेवढा तरी भेटला."

पुढे ज्याने हाड मोडलं त्यालाच ती बाईचा हात धरायला लावी. काही पुरुष सुधारले, काही गाव सोडून गेले, काहींनी दुसरा वैदू शोधला. अंगणातल्या बायका मात्र कमी होत गेल्या. मग एका वर्षी मोहाची फुलं पडून संपली तरी कुणीच आलं नाही. तेव्हा झिंगुबाई ओसरीवर आडवी झाली. रामकोर जेवायला उठवायला गेली, जवळ बसली, सासूच्या अंगावर लुगडं नीट केलं आणि न उठवताच आत आली. झिंगुबाई अजून झोपलेलीच आहे, असं म्हणतात.

मोहटोल्यात आजही फुलांच्या हंगामात एक दिवस तिच्या नावाचा पाळतात. त्या दिवशी भट्टी पेटत नाही. पहाटे फुलं वेचायला पुरुष जातात, पाणी भरतात, जमेल तसा भात रांधतात. बायका झोपतात, ऊन डोक्यावर येईपर्यंत. पाहुणा आला तरी त्याला दारातच थांबवून सांगतात, "हळू बोला. आज झिंगुबाईची झोप आहे."