घर दिसल्यावरचे काटे

पूर्वी सौवीर देशात एक न्यायी राजा राज्य करीत असताना बोधिसत्त्व वाळवंटातल्या वाटाड्यांच्या कुळात जन्मले होते. व्यापाऱ्यांचे तांडे ते बोरी-बाभळींच्या रानातून सुखरूप नेत-आणत. तळव्यांपासून गुडघ्यापर्यंत चामडे गुंडाळायचे, काठीने फांदी सारल्याशिवाय पाऊल टाकायचे नाही, बसण्याआधी जागा झटकायची, असे त्यांचे साधे नियम होते.

घरी त्यांची म्हातारी, आंधळी आई होती. लेक परतला की ती त्याच्या पायांवरून हात फिरवी. काटा लागला नाही म्हणजे "आला माझा बाळ" म्हणून निश्चिंत होई. या खेपेला निघताना ती फार थकलेली होती. ती भेटेल ना, एवढ्या एकाच ओढीने बोधिसत्त्व परतत होते.

तांड्यांत एक रीत होती. शेवटच्या टेकाडावरून गावचा पिंपळ दिसला की पायांचे चामडे सोडून मागच्या घळीत भिरकावायचे. मेल्या जनावराचे कातडे घरी नेणे अशुभ मानत. पण यंदा वादळाने बाभळीच्या फांद्या मोडून वाळूखाली पुरल्या होत्या.

बोधिसत्त्व म्हणाले, "यंदा वेशीपर्यंत कुणी चामडं सोडू नका. घर दिसलं की माणूस खाली बघत नाही."

सगळ्यांनी ऐकले. नंदिक नावाच्या तरुण व्यापाऱ्याने मात्र नाही. तो परदेशी असताना त्याला लेक झाली होती, तिचे तोंडही त्याने पाहिले नव्हते. "उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग!" म्हणून सोबती हसतात तोवर चामडे घळीत गेले आणि तो अनवाणी धावत सुटला. उतारावर किंचाळून कोसळला. दोन्ही तळव्यांत काटे मोडले होते.

इकडे पाण्याच्या वासाने तांड्याचे बैल उधळले आणि सोबती त्यांच्यामागे पळाले. बोधिसत्त्वांना पिंपळापलीकडे आपले छप्पर दिसत होते. जीव तुटत होता. 'माझी आई वाट पाहते आहे,' ते मनाशी म्हणाले, 'आणि याची लेकही.' ते खाली बसले. शांतपणे काटे काढले, आपले चामडे नंदिकच्या पायांना बांधले आणि त्याला खांदा देऊन उघड्या पायांनी चालू लागले.

नंदिकला लेकीजवळ पोहोचवून ते घरी आले, तेव्हा दिवेलागण झाली होती. आई खाटेवर पडून होती. श्वास चालू होता. तिने पाय चाचपले आणि तिचा हात थबकला.

"हे काटे तुझे नव्हेत रे. कुणाचे आणलेस?"

"एका बापाचे, आई. लेकीकडे धावत होता."

म्हातारी धडपडत उठून बसली. "दर खेपेला धड पाय घेऊन येतोस, माझ्या हातांना काही उरतच नाही. बस इथं." चाचपत चाचपत ती एकेक काटा काढू लागली. आपण आज खरे घरी आलो, असे बोधिसत्त्वांना वाटले.

घराच्या ओढीने कासावीस झालेल्या एका भिक्षूला शास्त्यांनी, म्हणजे बुद्धांनी, ही कथा सांगितली. मग म्हणाले, "भिक्षू, तेव्हाचा नंदिक तू, आणि वाटाड्या मी. ती आंधळी आई म्हणजे या जन्मात जी माझी आई मला सात दिवसांचा ठेवून वारली, तीच. ओढ मलाही ठाऊक आहे. ओढ असतानाही दुसऱ्याच्या काट्यापाशी थांबणे, ही करुणा."