घड्याळाचा जळफळाट

फार जुनी नाही, सून नवी होती तेव्हाची गोष्ट. बाहेरच्या खोलीतलं घड्याळ कुकरवर जळायचं. शिटी झाली, की सासरे पेपर ठेवत, दीर मोबाइल ठेवून ताटं मांडत आणि सगळे आत स्वयंपाकघरात एकत्र जेवायला बसत.

"दिवसभर टकटक माझी, आणि मान त्याचा!" घड्याळ धुसफुसायचं.

एका सकाळी घड्याळ मुद्दाम पुढे पळालं. "अगं बाई, उशीर झाला!" सासूबाई ओरडल्या. सून सोडून सगळे न जेवताच निघाले.

"बघ, माझं ऐकलं!" घड्याळ म्हणालं.

"ऐकलं खरं," कुकर म्हणाला. "आता टकटक कोणासाठी?"

घरात उरलेल्या सुनेने काटे मागे घेतले आणि घड्याळ स्वयंपाकघरात टांगलं. दुसऱ्या दिवशी शिटी झाली. आजवर जेवायला आत जाणाऱ्यांच्या नुसत्या पाठी पाहिलेल्या घड्याळाला पहिल्यांदाच सगळ्यांचे चेहरे दिसले. त्याने टकटक जरा हळू केली.